रोट मोडण्याआधी

शहादा
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

निशा,

बरी असशील. आईबाबांना माझा नमस्कार सांग, म्हणजे त्यांना चालणार असेल तर.

परवा संध्याकाळी आमची तापीकाकू गहू निवडता निवडता एक वाक्य बोलली, आणि माझं सगळं तिथेच बदललं. ते लगेच लिहीत नाही. आधी आईबद्दल लिहितो. ती गेल्यापासून मी तिच्याबद्दल कुणाशी बोललेलोच नाही.

तू तिला एकदाच पाहिलंस, दोन वर्षांपूर्वी, मैत्रिणींबरोबर आमची कानबाई देवी बघायला आलीस तेव्हा. नारळाच्या त्या मुखवट्यासमोरून हलत नव्हतीस. डोळ्यांचे शिंपले आईने गणपतीपुळ्याला स्वतः वेचलेले. पदराची चिंधी पैठणच्या विणकराकडून मागून आणलेली. अण्णा एसटीत ड्रायव्हर, घरच्यांना मोफत पास मिळायचा, आणि तो वाया गेला तर आईला अन्न गोड लागायचं नाही. घर आवरलं, शेवेची पुडी आणि सुईदोरा पिशवीत टाकला की निघाली. गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरली. अण्णा म्हणायचे, लोक देव बघायला जातात, ही चिंध्या गोळा करायला. ती म्हणायची, देव घरी येणार, त्याला कपडे नकोत का? घाटात गाडी हेलकावायची, पण हिचा टाका वाकडा जायचा नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ती गेली. मी कॉलेज सोडलं. लोकांना आईचं कारण सांगितलं. तुला खरं माहीत आहे. कॅन्टीनमध्ये तू विचारलं होतंस, "आपल्या लग्नाचं आईला विचारलंस का एकदा तरी?" मी ग्लास आपटला. म्हणालो, आमच्यात हे चालणारच नाही, विचारायचं काय त्यात. तू बोलणं बंद केलंस. मग मला त्या वर्गात बसवेना. आता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. हात बसलाय.

गेल्या वर्षी दुखवटा, म्हणून कानबाई बसवली नव्हती. यंदा बसवतोय.

तुला एक सांगायचं राहिलं. कानबाईच्या नैवेद्याचा रोट आम्ही भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाही. शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या आत्यालाही नाही. उरला तर जमिनीत पुरतात.

काकू परवा म्हणाली, "तुन्ही मायनी ती नवापूरनी पोरले रोट खावाडा व्हता."

काकू तेव्हा भडकली होती म्हणे, परक्या पोरीला कसा दिलास म्हणून. आई एवढंच बोलली, "परकी कोठे शे?" आणि काकूला शपथ घातली, हेमकांत स्वतः विचारेपर्यंत गप्प राहायचं.

मी विचारलंच नाही. शेवटी काकूनेच शपथ मोडली. तू सांगितलंही होतंस, आईने आत नेऊन खिरीसोबत जाड पोळी भरवली. मी हसलो होतो.

काय खातेस ते तुला माहीत नव्हतं, म्हणून त्याचं बंधन तुझ्यावर नाही. तुला बघायला पाहुणे येऊन गेले, हेही ऐकलंय. नाही म्हणालीस तर नाही. आवाज चढवला तर बाबांनी मला फाटकातूनच हाकलावं.

अण्णांना काल सगळं सांगितलं. ते बराच वेळ शिंपल्यांवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "तू जाय, तिले ईचार. तू येवालोंग कोणी रोट मोडाव नही." काकू पुटपुटली की हा परत येईपर्यंत म्हाताऱ्यांना उपाशी मारायचा बेत दिसतो. पण तुझ्यासाठीच्या पाटावर आईची जुनी शाल तिनेच अंथरली.

समोर आलो की माझं डोकं तापतं, म्हणून लिहून आणतोय. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुमच्या फाटकाशी उभा असेन. आत ये म्हणालीस तर येईन.

नवापूरची गाडी चुकली तर दुसरी उशिरा आहे. आत रोट लाटायला घेतलेत. काकू ओरडतेय, लिहिणं पुरे, निघ, आणि जाताना दार ओढून घे.

ओढून घेतो. निघालो.

रमिलाबाईचा
हेमकांत