गाल लावून बघ

१२ ऑक्टोबर, सकाळ

ती. दादास,
नमस्कार. इकडे सगळं झकास. वहिनीची टाच दुखायची थांबली का? माझी मांजर व्यायली. पिल्लांनी गिलाव्याचं घमेलं बळकावलंय.

आता ऐक. गेल्या हिवाळ्यातली आपली पैज तू जिंकला नाहीस. परसात मी तीन बुटक्या भिंती उभ्या केल्या होत्या, आठवतंय ना? तुझी सिमेंटच्या ब्लॉकची, वरून सिमेंटचाच गिलावा. दुसरी भाजक्या विटांची. तिसरी माझी, माती-भुशाची, वरून चुना. तिन्हींवर सारखं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तुझी कोरडी, माझी काळीठिक्कर. "बस चिखल कालवत, चिखलराणी," म्हणालास आणि गाडी काढलीस.

तुझी नुसती वरून कोरडी होती रे. महिन्याभराने छिन्नी मारली, तर गिलाव्याखाली पाणी गपचूप बसलेलं. विटांची आतून सुकली होती, पण दुपारी तापायची नि पहाटे गारठायची. माझी उघड भिजली, उघड सुकली, आणि भुशामुळे ऊन, गारठा दोन्ही बाहेरच.

आपले गवंडी बाबा पहाटे भिंतीला गाल लावून ओल ओळखायचे. आई तुझ्याकडून दोन दिवस आली होती, तेव्हा मी तिचे डोळे बांधले आणि तिला पहाटे तिन्ही भिंतींना गाल लावायला सांगितलं. माझ्या भिंतीशी ती थांबली. म्हणाली, "ही ह्यांची भिंत." दादा, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

उन्हाळ्यात तशीच खोली आईसाठी बांधली. ती तुझ्याकडून चार दिवसांसाठी म्हणून आली, पावसाळा सरला तरी इथेच आहे. खोकला पळाला, दम्याचा पंप कपाटात धूळ खातोय.

फोनवर तू दरवेळी विचारतोस, आई कधी येतेय, आणि मी मांजरीचं सांगत बसते. ती येत नाही, दादा. तुझ्यावर राग नाही तिचा. "त्याने हौसेने बांधलंय, त्याला ओलीचं बोलू नकोस," असं मलाच बजावलंय तिने.

पण मी बोलणार. तुझ्याकडच्या तिच्या खोलीचा सिमेंटचा गिलावा मी सोलून काढणार, भिंती सुकू देणार, चुना लावणार. मग ती दोन्हीकडे राहील. तू वाद घालशील, घाल.

त्याआधी इकडे ये. जिंकल्याचा तोरा मी पोटभर मिरवणार आहे, तो सोस. आणि पहाटे उठून आईच्या भिंतीला गाल लाव. बाबा भेटतील.

तुझीच,
चिखलराणी
(आता खुशाल म्हण.)