तळाचा वास

सर,

लोखंडी अँगलच्या तीनपायी भट्ट्या मी केल्या, दोनशेच्या वर. जिलेबीच्या कढईसाठी सपाट बर्नर केला. त्याची ज्योत कढईच्या काठाबाहेर सूतभरही येत नाही. पोळ्यांचा चार फुटी तवा केला, पितळी जेटची भोकं हातानं पाडली, चार सिलिंडर एकाच नळीला जोडणाऱ्या लाइनी केल्या आणि त्यांचा एकेक सांधा स्वतः कसला. यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. दहावीत मी तुमच्याच विषयात, विज्ञानात, नापास झालो होतो, त्यामुळे श्रेय तुम्हालाही नाही. एक गोष्ट सोडून.

आंजीतलं तुमचं स्वयंपाकघर. मी विशीतला, शेगडी दुरुस्तीला आलेला. काकू म्हणतात, वास येतो. मी नळीला नाक लावून हुंगतो आणि सांगतो, "काही नाई काकू, सगळं ठीक आहे." तुम्ही पेपर खाली ठेवता. "किती वेळ झाला हुंगून राह्यला?" दहा मिनिटं, सर. "मंग तुह्यं नाक थकलं. बाहेर निंबाखाली उभा राह्य, अन् मंग येजो." परत आलो तर दारातच सडक्या कांद्याचा भपका बसला. मग तुम्ही ओट्याला टेकून तिथंच तास घेतलात. गॅसला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण मिसळतात. इथाइल मरकॅप्टन, गंधकाचं. थेंबभर पुरतं, जळलं की वास जातो, आणि आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात उघडं ठेवलं तर विस्तवाशिवाय उकळतं. मी विचारलं, "मंग सर, सिलिंडर संपत आलं की वास काऊन वाढते?" तुमचा चेहरा उजळला. "गॅस आधी उडून जाते, हे मागं राह्यते. तळाशी दाट होते. पण संपणाऱ्या सिलिंडरचा अन् गळणाऱ्या सांध्याचा वास एकच असते, गधड्या. नाक म्हणते, आहे. कुठं आहे, ते साबणाचं पाणी सांगते. हेच पेपरात आलं असतं तर पास झाला असता तू."

पुढं माझं नाव झालं ते नाकानं. पवनारपासून समुद्रपूरपर्यंत आचारी म्हणायचे, मिस्त्री दारातून सांगतो कुठला कॉक गळतो ते. चार वर्षांपूर्वी ताप आला आणि तो उतरताना वास घेऊन गेला. लसणाची फोडणी मला आता आवाजावरून कळते. घरातसुद्धा हे कुणाला सांगितलेलं नाही. प्रत्येक सांध्याला दोनदा साबण लावतो. लोकांना वाटतं, वयानं संशयी झाला.

यंदाच्या लग्नसराईत समुद्रपूरच्या एका मंगल कार्यालयात मी नवी लाइन टाकली. आदल्या दिवशी सगळे सांधे साबणानं तपासले. सकाळी एक सिलिंडर बदललं, तो सांधा तेवढा राहिला. साबणाची वाटी हातात घेतली, तेवढ्यात मालक वधूपित्याला म्हणाले, "आमच्या मिस्त्रीले साबण लागत नाई, नाक बस आहे!" मी वाटी खाली ठेवली.

आचाऱ्यानं भट्टीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिली ज्योत कापराच्या आरतीनंच लावायची, ही त्याची रीत. वडी ताटलीत, काडी पेटीवर टेकलेली. कणीक मळणारी बाई म्हणाली, "मिस्त्री, वास येऊन राह्यला." सगळे माझ्याकडे बघतात. मी डोळे मिटून श्वास ओढतो. काहीच नाही, सर. भिंत हुंगावी तसं. आणि मी सांगतो, "तळाचा वास आहे. सिलिंडर संपत आलं."

"कोणतं संपत आलं?" ती म्हणाली. "भरलेलं तर आत्ता तुमीच लावलं ना भाऊ!"

मी आचाऱ्याच्या हातावर झडप घातली. ताटली उडाली. "काडी नको! बटणाले कोणी हात लावू नका, बाहेर निंगा!" चारही सिलिंडरचे कॉक बंद केले, दारं उघडली. गॅस जड, तो खालीच बसतो. पाणी जायच्या नालीत साचला असणार. तासाभरानं, बाईनं "आता नाई येत" म्हटल्यावर, तेवढाच एक कॉक जरासा उघडून साबण लावला. मी बदललेल्या सिलिंडरच्याच सांध्यावर बोराएवढा फुगा आला. वॉशर दुमडला होता. माझ्या हातानं. बाहेर मांडवात दीडेकशे माणसं नाश्त्याची वाट बघत होती.

मालक पाठ थोपटत सगळ्यांना सांगत सुटले, "पाह्यलं? याले म्हणतात नाक!" बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परातीतली कणीक पुन्हा मळायला घेतली. वास तिला आला होता, हे मी त्या दिवशी म्हणालो नाही. अजूनही कुणाला म्हणालो नाही.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी टाकलं असतं का, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मालक घरी आले. त्यांच्या आणि त्यांच्या भावांच्या मिळून पाच कार्यालयांची गॅसतपासणी, माझ्या एकट्याच्या सहीवर. मी नको म्हणालो. कारण विचारलं, तर ताठ मानेनं सांगितलं की मी कुणाच्या हाताखाली राबत नाही. महिना अठ्ठावीस हजार देत होते.