दादाचा नावाडी

प्रिय दादा,

फासे हातात देऊन आकडे वाचायला तूच मला घरी शिकवलंस, आणि त्यातच मी तुला फसवलं. तू आजारी होतास तेव्हा इस्पितळात आपण आपला तो गोष्टीचा खेळ खेळत होतो, प्रत्येकाचं एक पात्र आणि त्याचं नशीब फाशावर. खेळातला तुझा नावाडी पुरात पडला, तेव्हा वीस बाजूंच्या फाशावर एक आला होता, म्हणजे मरण. मी तो झाकून "वीस! वाचला!" म्हणाले. तू हसलास, "बघ वेडाबाई, आपण नाही बुडत!" चार दिवसांनी तू गेलास.

आता आपल्या खेळातल्या मंडळींसाठी मी पुढच्या डावाचं नवं जग रचतेय. तिथे पूर ओसरलाय, गावं पुन्हा वसताहेत. सगळे विचारतात, "दादाचा नावाडी कुठल्या घाटावर गं?" फाशावरचं खरं सांगितलं, तर तुझ्यामागे तोही जाईल. नकाशा मी पेन्सिलीने काढतेय. त्याची होडी मात्र आज शाईने काढली, म्हणजे मला खोडता येणार नाही.

तुझी धाकटी