उशीवरून दिसणारी फुलं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पिल्लू खुशाल असाल. मीही मजेत आहे. दुकान सध्या माझी मदतनीस बघते. शाळांचे गणवेश वेळेत शिवून गेले. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. एका बाईबद्दल कुणाला तरी सांगायचं होतं, आणि आठवलास तूच.

ही बाई हॉस्पिटलात माळीकाम करते. साठीची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. इथे दोन इमारतींच्या मध्ये एक अंगण आहे, दिवसातून जेमतेम तासभर ऊन. तिथे काहीतरी लाव, असं तिला वरून सांगितलं. दुसरं कुणी असतं तर चार कुंड्या मांडून मोकळं झालं असतं. ही सरळ आमच्या खोलीत आली, रिकाम्या पलंगावर आडवी झाली आणि उशीवरून खिडकीकडे बघत राहिली.

"अहो, चादर!" सिस्टर ओरडल्या.

"चादर धुता येते. झोपलेल्या माणसाला काय दिसतं, ते मला उभ्याने कसं कळणार?"

'आमच्या खोलीत' लिहून गेले खरी. आता लपवण्यात अर्थ नाही. दुकानात वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडले. कमरेचं हाड मोडलं. पाच आठवडे झाले, मी इथेच आहे, पाठीवर. घाबरू नकोस, जीभ शाबूत आहे.

तर मग ती अंगणात गेली. काठीला लाल चिंधी बांधली आणि वर धरली. "दिसते का?" "नाही." "आता?" "अजून वर!" शेवटी काचेच्या खालच्या कडेला चिंधी दिसली. माझी नजर शिवणारणीची. म्हटलं, "साडेचार फूट." तिने टेप लावली. साडेचारला बोटभर कमी! तेव्हापासून आमची गट्टी.

शिवाय फूल वर्षभर हवं, हा तिचा हट्ट. "इथे कोण कधी येईल आणि किती राहील, सांगता येतं का? कुठल्याही महिन्यात येऊ दे, त्याला फूल दिसलंच पाहिजे." अबोली सावलीत छान फुलते, पण बुटकी, म्हणून बाद. मी सोनटक्का सुचवला. उंच वाढतो, सावली चालते, आणि वास तर काय!

"दोन-तीन महिने फुलणार, मग नुसती पानं. आणि वास काय काचेतून येणार आहे तुम्हाला?"

सोनटक्काही बाद. शेवटी मागे तगर आणि पुढे मिरची जास्वंद ठरली. तिची लाल फुलं उमलतच नाहीत, मिटलेलीच लोंबतात. मी नाक मुरडलं, तर म्हणते, "तिला नाही उमलायची घाई. तुम्हालाच सारखी उठायची!"

मागच्या रोपवाटिकेतून पुरुषभर उंचीची झाडं तिने गाड्यावर घालून एकेक करून आणली. तीन दिवस खपत होती. आज सकाळी डोळे उघडले तर खिडकीत पांढरं आणि लाल. शेजारच्या पलंगावरच्या आजी आठवडाभर कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या एकदम म्हणाल्या, "सात आहेत." फुलं मोजत होत्या.

मला आई आठवली रे. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. तू दोन दिवसांसाठी आलास आणि म्हणालास, "ताई, पलंग खिडकीकडे फिरवूया का?" मी काय बोलले ते तू विसरला नसशील. आठ महिने मी उपसतेय, तू दोन दिवस येऊन मला शिकवू नकोस, दार उघडंच आहे. तू गेलास. त्यानंतर आई तीन आठवडे होती. पलंग मी फिरवला नाही. केवळ तू सुचवलंस म्हणून. मी तिचं सगळं सगळं केलं, पण एकदाही तिच्याशेजारी आडवी होऊन तिला काय दिसतं ते बघितलं नाही. तुझं बरोबर होतं.

हे मी माळीणबाईंना सांगितलं. हातातली माती झटकत त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुमचा भाऊ आहे?"

म्हणून हे पत्र. आणखी एक. हाड नीट जुळलेलं नाही, पुढच्या मंगळवारी पुन्हा ऑपरेशन आहे. काल कारकून कागद घेऊन आला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात मागच्या वेळी मी आडवी रेघ मारली होती. या वेळी तुझं नाव लिहिलं, तुला न विचारता. 'नातं' पुढे 'भाऊ' जरा वाकडं उमटलं. कारकून म्हणाला, खोडून नीट लिहा. मी म्हटलं, राहू दे, वाचता येतंय.

तू यायलाच हवं असं काही नाही.

छे, खोटं कशाला लिहू. ये.

तुझी, चुकलेली,
ताई