गाव किती दारांचं

सर, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तरी नवा माणूस भेटला की आधी त्याची नदी विचारावीशी वाटते. ही सवय तुमची. ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात, मी परदेशात शिकत होतो त्या पिस्कॅटवेच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुझी नदी कोणती?" तुम्ही बोर्निओहून वर्षभरासाठी आलेले निवृत्त शिक्षक, मी तासांवर काम करणारा विद्यार्थी. तुमच्या दयाक लोकांमधल्या नामवंतांची सूची करायची होती: मंत्री, धावपटू, विणकाम करणाऱ्या बायका, सापे हे तंतुवाद्य वाजवणारे. प्रत्येकाचं एक कार्ड, त्यावर नाव, काम, लोक, नदी. दयाक हे सगळ्यांवर घातलेलं एकच पांघरूण आहे, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही स्वतः इबान. "पांघरुणाखाली कोण आहे ते लिही. इबान, बिदायुह, केन्याह, जो असेल तो." खात्री असेल ते शाईनं, शंका असेल ते पेन्सिलीनं, हा नियमही तुमचाच.

मी वैनगंगा म्हणालो. ते खरं होतं. मग तुम्ही विचारलंत, "गाव किती दारांचं?" तुमच्याकडे गाव म्हणजे एकच लांब घर. वीस-बावीस कुटुंबांची दारं एका रांगेत, आणि सगळ्यांपुढे एकच पडवी, तिच्यावर कुणी कुणाला अडवत नाही. मी म्हणालो, "चाळीसेक. एकाच रांगेत." तुम्ही खूश झालात. दारं चाळीसच होती, सर. पण त्यातली आमची अकरा नाल्यापलीकडे होती, आणि माझ्या आईच्या घागरीत विहिरीचं पाणी दुसरं कुणीतरी वरून ओतायचं. हे मी का सांगितलं नाही, याची कारणं मी वह्यांमधून अनेकदा लिहिली आहेत. लाज, हे एक. पण तुमच्या त्या लांब घरात क्षणभर बसून बघावंसं वाटलं, हेही असेल. यातलं कुठलं खरं आणि कुठलं मी नंतर सोयीसाठी शोधलं, ते आता मला ठरवता येत नाही.

त्याच सुमाराला एका रविवारी पिस्कॅटवेतल्याच एका मराठी काकूंकडे जेवायला गेलो होतो. विद्यार्थ्यांना त्या आवर्जून बोलवायच्या. आमटी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "आडनाव नाही सांगितलंत?" मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. "ते गावावरून झालं हो. मूळचं काय?" काका पलीकडून म्हणाले, "अगं, जेवू दे त्याला. व्हायव्हा घेतेस का त्याची?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पोट भरलेलं असताना आणखी भात मागून घेतला.

सोमवारी मी सूचीतल्या एका धावपटूचं कार्ड केलं. तुम्ही ते दिव्याखाली धरता, चष्मा कपाळावर सरकवता.

"याचे लोक कुठे गेले?"

"सर, तो देशाकडून धावतो. मलेशियन लिहिलंय, तेवढं पुरे ना?"

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग त्याला लपवायला तुला कुणी सांगितलं?"

तुमचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी त्या मुलावर उपकार करत होतो, सर. ज्याचं बरं चाललं आहे त्याच्या मागचं काढू नये, ही आमच्यातली माया होती. मोठे भाऊ शहरात नोकरीला लागलेल्यांसाठी तेच करायचे. तुमच्याकडे ते नाव मिरवण्याचं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कार्ड पुन्हा लिहिलं. इबान, शाईनं. पण तुम्हाला कारण सांगितलं नाही, आणि तुम्ही मला निष्काळजी समजलात.

तुम्ही परत जाण्याच्या आठवड्यात मला घरी जेवायला बोलावलंत. त्या अरुंद स्वयंपाकघरात तुम्ही आलं-मीठ घालून मासा शिजवत होता आणि शेजारच्या प्राध्यापकांना सांगत होता, "याचं गावही आमच्यासारखंच, एका रांगेतलं." मी मान डोलावली. खरं सांगायला तेवढी संधी होती, आणि मी मासा छान झालाय म्हणालो. निघताना तुम्ही माझ्या हातात एक कार्ड ठेवलंत, माझ्या नावाचं. नदी: वैनगंगा. गाव: चाळीस दारं, एका रांगेत. सगळं शाईनं, तुमच्या तिरप्या अक्षरात. लोक: कोरं. "हे तू भर," म्हणालात. दोन वर्षांनी तुम्ही वारल्याचं ग्रंथालयाकडून कळलं.

काल कपाट आवरताना ते कार्ड हाती आलं. सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता. पाणी कोण ओतायचं, किती उंचावरून, एवढं शांतपणे विचारलं असतंत, आणि मला उत्तरं द्यावी लागली असती. आज सकाळी मी पेन घेऊन 'एका रांगेत' खोडलं आणि वर लिहिलं, 'अकरा नाल्यापलीकडे'. मग त्या कोऱ्या जागी 'बौद्ध' लिहिलं. माझे वडील हा शब्द दारात उभं राहून, रस्त्यावर ऐकू जाईल असा सांगायचे. त्यात शंका घ्यायला काहीच जागा नाही.

तरी सर, तेवढा एक शब्द मी पेन्सिलीनं लिहिला आहे.