गेरूची खूण

आबा,

दंडवत. तब्येतीला जपा, हे आधीच लिहिते, कारण पुढचं ऐकून तुमचा पारा चढणार हाय.

परवा तुमी बारामतीला माज्या घरी आला, भिंतीवरचं चित्र बघितलं आणि चहा न घेताच निरवांगीला परत गेला. चित्रात आय हाय. मरायच्या आधी तिनं सांगितलं होतं तशीच, मेंढरांच्या घोळक्यात दगडाला टेकून मला जन्म देतीय. तिच्या अंगावर घोंगडं हाय, तरी तुमाला लाज वाटली. तेबी मी समजून घेतलं. पण खाली माज्या नावाच्या जागी आपल्या कळपाची खूण बघून तुमी म्हणाला, "ती पूस. खूण घराण्याची असती, लेकीची न्हाय."

कळप इकून ऊस लावला तवा तुमचा ल्योक इंद्रजित पाळण्यात होता. त्याला ती खूण ठावंबी न्हाय. मला ठावं हाय. लोकर कातरून झाली की तुमी मेंढराचे पाय धरायचा आणि त्याच्या पाठीवर आय गेरूनं खूण काढायची. एक गोल, त्यात दोन रेघा. घराण्याची खूण आयच्या बोटातनं उतरायची, आबा.

हे पत्र मी धाडणार न्हाय. धाडलं तर तुमाला ते इंद्रजित वाचून दाखवंल आणि नेमकी ती आयच्या बोटाची ओळ गाळंल.

चित्र रविवारी प्रदर्शनात लागंल, खुणेसकट. आणि काल तुमच्या नातीनं, माज्या वैष्णवीनं, माज्या गेरूत बोट बुडवून दारावर तीच खूण काढलीय. गोल जरा वाकडा आलाय. पुसायची असंल तर तुमी या.

फडकं मी देणार न्हाय.

तुमची थोरली,
राजेश्वरी