लाल खेकड्याची जोडी

प्रिय आई, तुझ्या लुस दारीकडून गालावर एक पापा.

आम्ही दोघं खुशाल आहोत. शिडाची बोट स्वस्तातली, म्हणून अंघोळ खाऱ्या पाण्याची आणि रोज भात नि तळलेला मासा. मला ओकाऱ्या झाल्या, आर्नुल्फोला मात्र काही नाही. पहिल्यांदाच समुद्रावर आलाय म्हणे!

काल वाटेतल्या एका बेटावर उतरलो, तिथं मी पडलेला नारळ उचलला, तर हा ओरडला, "ठेव खाली! इथं प्रत्येक माडाला मालक असतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कप्तानाने." कप्तान तर सकाळपासून बोटीत घोरत होता.

तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना?

तिथंच दिग्ना नावाची, त्या बेटांवरच्या गुना जमातीची बाई मोला, म्हणजे कापडावर कापड शिवून केलेली चित्रं, विकत बसली होती. तू भिंतीवर लावलाय ना, आर्नुल्फोने मागणी घालायला येताना आणलेला लाल खेकडा, हुबेहूब तशीच रंगीत शिवण. मी एकच खेकडा मागितला, तर ती हसली.

"एकटा नाही मिळत, पोरी. एक ब्लाउजच्या छातीवर, दुसरा पाठीवर. मी जोडी फोडत नाही. तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे की!"

मी वळून पाहिलं. नवरा बोटीचा दोर तपासायला पळाला होता.

आम्हाला तर म्हणाला होता, कार्ताहेनाच्या बाजारात एकच मिळाला.

तू काळजी करू नकोस, हवा छान आहे. मला एवढंच कळायचंय, तो दुसरा खेकडा कुणाच्या अंगावर आहे?

तुझीच,
लुस दारी